हात लावू नये

तिला शाळेत सगळे वकील म्हणायचे. हे नाव ठेवलं वसतिगृहाच्या स्वयंपाकीण मावशींनी. आजारी मुलांना दूध जास्त आणि ठणठणीत मुलांना कमी, म्हणजे बरं राहण्याची ही शिक्षा आहे का, असं तिनं एकदा रिकामा पेला हातात धरून भर जेवणघरात विचारलं होतं. मावशी म्हणाल्या, "आली बघा आमची वकील!" तिला ते नाव इतकं आवडलं की पुढे खऱ्या नावानं हाक मारली तर ती ओ द्यायची नाही. वय अकरा, अंगानं काडी, आणि जीभ अशी की मोठ्यामोठ्यांच्या नाकी नऊ यावेत.

जन्मापासून तिला दिसत नव्हतं. त्या शाळेतल्या कुठल्याच मुलाला दिसत नव्हतं, त्यामुळे त्याचं तिला काही विशेष वाटायचं नाही. तिला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. दिसणारी माणसं आपल्याला काहीही सांगून मोकळी होतात आणि आपण ते मुकाट्यानं गिळायचं, याचा. ती दुसरीत असताना शाळेत पाहुणे आले होते. त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक मऊ प्राणी दिला आणि म्हणाले, "हा बघ वाघ." त्यानंतर चांगलं वर्षभर ती वाघ म्हणजे मांडीवर मावणारा, कापूस भरलेला जीव समजत होती. वाघ माणसांना खातो हे कळलं तेव्हा ती घाबरली नाही, ती संतापली. आपल्याला फसवलं, आणि वर आपण त्या लोकांना "धन्यवाद" म्हटलं, हे तिच्या मनातून काही केल्या जाईना.

तिच्या बाबांचं मात्र तसं नव्हतं. त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. सुट्टीत घरी गेली की ती दुकानातच पडीक असायची. "हात लावू नकोस" असं बाबा कधी म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, "थांब, थंड होऊ दे, मग लाव." मग ती जोडावरचे लोखंडाचे फुगे चाचपायची, जळून सोललेला रंग नखानं उकरायची. तापलेलं, जळलेलं, वितळून गोठलेलं, हे सगळं तिला बोटांनी ओळखता यायचं.

तर या वकिलीणबाईंच्या वर्गावर त्या वर्षी ज्या बाई आल्या, त्यांना दिसत होतं आणि त्यांना अंतराळाचं वेड होतं. शाळेच्या वाचनालयात ब्रेलमधली पुस्तकं कपाटभर होती, पण माणूस अंतराळात कसा गेला याच्यावर एक ओळ नव्हती. बाईंनी पदर खोचला आणि पुस्तक स्वतःच लिहायला घेतलं. प्रकरण लिहून झालं की ते ठिपक्यांच्या जाड कागदावर उमटवायचं, वर्गात वाचायला द्यायचं, आणि मुलं काय म्हणतात ते ऐकून दुरुस्त करायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. मुलं काय म्हणतात म्हणजे मुख्यतः वकील काय म्हणते.

पहिल्याच प्रकरणावर खटला उभा राहिला. माणसाच्या आधी वर पाठवलेल्या कुत्रीची गोष्ट होती. तिला परत आणायची सोय यानात केलेलीच नव्हती.

"तिला विचारलं होतं का?" वकिलीणीनं विचारलं.

"कुत्रीला कसं विचारणार?"

"मग माणसालाच आधी पाठवायचं. त्याला तरी नाही म्हणता येतं."

बाईंकडे याला उत्तर नव्हतं, आणि तसं त्यांनी सांगूनही टाकलं. वकिलीणीला बाई आवडल्या त्या तेव्हापासून.

पुढच्या प्रकरणांनी वर्गाला झपाटलं. पहिला माणूस दोन तासांच्या आत पृथ्वीला फेरी मारून आला, खाली येताना यानातून बाहेर पडून हवाई छत्रीनं एका शेतात उतरला, आणि त्याचा नारिंगी पोशाख पाहून तिथली बाई आणि तिची नात घाबरून गेल्या. पहिली बाई वर गेली ती एकटी, आणि जवळजवळ तीन दिवस राहून आली. यानाबाहेर पहिल्यांदा तरंगलेल्या माणसाचा पोशाख बाहेर हवा नसल्यामुळे इतका फुगला की त्याला परत दारातून आत शिरता येईना. शेवटी त्यानं पोशाखातली हवा थोडी थोडी सोडून दिली आणि कसंबसं अंग आत ओढलं. हे वाचून वर्गातला भोंगा, ज्याला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं, इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या वर्गाचे सर धावत आले. तिघं जण मात्र वर गेलेच नाहीत. जमिनीवरच, चाचणी चालू असताना यानात आग लागली, आणि आतल्या बाजूला उघडणारं दार वेळेत उघडलं नाही.

चित्रंही होती. बाई रेषा उठावदार करून, बोटांना लागतील अशी चित्रं बनवायच्या. चंद्रावरच्या माणसाचं चित्र वकिलीणीनं दोन्ही हातांनी तपासलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"बाई, हा माणूस यानापेक्षा मोठा आहे. हा आत शिरला कुठून?"

"अगं, यान लांब उभं आहे. लांबचं लहान दिसतं."

"दिसत असेल. लागत नाही."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं शिकवूनही त्यांनी चित्र डोळ्यांसाठीच काढलं होतं. त्यांनी ते फाडलं आणि नवीन केलं, माणूस बोटाच्या पेराएवढा आणि यान त्याच्या मापानं.

मग आलं परतीचं प्रकरण. यान खाली येताना हवेवर इतक्या जोरात आदळतं की बाहेर आगीचा लोळ उठतो. म्हणून यानावर एक थर लावलेला असतो, जळायलाच लावलेला. तो जळत जातो, झडत जातो, आणि जाताना उष्णता घेऊन जातो. बाहेर कोळसा होतो आणि आत माणूस जिवंत राहतो.

"कोळसा म्हणजे कसा? लाकडाचा होतो तसा? की रंगाचे पापुद्रे सुटतात तसा? केवढा जाड?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "मी फक्त फोटोत पाहिलाय."

"म्हणजे तुम्हीसुद्धा ऐकीवच लिहिलंय."

बाईंना ते झोंबलं. पण खोटं नव्हतं, म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिवशी शहरातल्या अंतराळ संग्रहालयाला फोन केला. तिथे एक खरं यान होतं, दोन माणसांना वर नेऊन परत आणलेलं. संचालकांनी मोठ्या आनंदानं बोलावलं. अंध मुलांसाठी आमच्याकडे खास व्यवस्था आहे, म्हणाले.

त्या दिवशी बसमध्ये वकील खिडकीपाशी बसली होती आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. आज बोटांनी काही फालतू चाचपायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. आज कळणार होतं. एकतर हे सगळं खरं होतं, कुत्री, आग, छत्री, सगळं, नाहीतर तो आणखी एक कापसाचा वाघ होता.

संचालक दारातच भेटले. आवाज गोड, बुटांचा करकर वाजणारा आवाज त्याहून मोठा. "या बाळांनो, या!" म्हणाले. 'बाळांनो' ऐकून वकिलीणीचा पारा निम्मा तिथेच चढला.

यान मोठ्या दालनात होतं. ते आहे हे तिला आत शिरताच कळलं, कारण बोलण्याचा आवाज एका बाजूनं दबका होऊन परत येत होता. ती सरळ तिकडे निघाली आणि पोटाला जाड दोर लागला.

"तिथे नाही हं बाळ. तिथे हात लावू नये. तुमच्यासाठी हे बघा, खास बनवून घेतलंय." संचालकांनी मुलांना एका टेबलापाशी नेलं. टेबलावर प्लॅस्टिकचं छोटं यान होतं.

मुलांनी आळीपाळीनं हात फिरवले. गार, गुळगुळीत, घासलेल्या भांड्यासारखं.

"आणि हा खालचा भाग," संचालक कौतुकानं म्हणाले, "परत येताना पूर्ण जळलेला आहे."

वकिलीणीचं बोट खालच्या भागावरून फिरलं. मग परत फिरलं. "कुठे?"

"हा काय, तुझ्या बोटाखालीच."

"इथे तर काही नाही. वर लागतं तसंच खाली लागतंय. भोंग्या, तुला जळलेलं सापडलं?"

"नाही!" भोंगा गरजला.

बाईंनी वाकून पाहिलं आणि त्यांना हसावं की रडावं कळेना. जळलेला भाग काळ्या रंगानं रंगवला होता. फार बारकाईनं, छटा बिटा देऊन. अंध मुलांसाठी खास बनवलेल्या यानावर आग नुसती रंगवून ठेवली होती.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "हे फक्त डोळ्यांना दिसतंय."

संचालक ओशाळले. माणूस वाईट नव्हता. "खरंच की. लक्षातच आलं नाही कुणाच्या. बदलून घेतो पुढच्या वेळी."

"आम्ही या वेळी आलोय," वकील म्हणाली.

त्यावर त्यांनी "चला, आधी पोशाख बघून येऊ" असा सूर लावला आणि सगळ्यांना पुढच्या खोलीत नेलं. तिथे शिरताच बाईंचा पाय पायरीवर अडखळला.

"केवढा अंधार इथे!"

"माझा हात धरा बाई," वकील म्हणाली आणि त्यांना पायऱ्या उतरवून व्यवस्थित खाली नेलं. मुलं फिदीफिदी हसली.

तिथे एक ताई होत्या. संग्रहालयातल्या वस्तूंची निगा राखणं, त्या कुजू नयेत, तडकू नयेत म्हणून डोळ्यांत तेल घालून बसणं हे त्यांचं काम. आवाज कोरडा, पण सरळ. त्या म्हणाल्या, "दिवा मुद्दाम मंद ठेवलाय. उजेडानं या पोशाखाचं कापड विरतं. आतलं रबर आधीच कडक व्हायला लागलंय, त्याला उजेड आणि गरमी दोन्ही सोसत नाही. आपण बघतो तेवढा तो रोज थोडा थोडा संपतो."

वकिलीणीनं मान वळवली. "मग दिवा बंदच का नाही करत?"

"मग लोक बघणार काय? बघायलाच तर ठेवलाय. थोडं नुकसान होतं, ते आम्ही धरूनच चालतो."

"असं," वकील म्हणाली, आणि नंतर त्या खोलीत एक शब्द बोलली नाही. बाईंना धडकी भरली ती यामुळेच, कारण ही पोरगी गप्प बसली म्हणजे मुद्दे जुळवत असते, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

बाहेरचा रस्ता यानाच्या दालनातूनच होता. दोरापाशी येताच वकील थांबली. "सर, आम्हाला खऱ्या यानाला हात लावायचाय."

संचालकांनी शांतपणे समजावलं. हाताला घाम असतो, तेल असतं. एकदा एका पाहुण्यानं आठवण म्हणून जळक्या सालीचा तुकडाच मोडून नेला होता. हे यान पुन्हा बनणार नाही. तुझ्या नातवंडांनाही ते बघता यावं म्हणून ही काळजी. एकूण एक शब्द खरा होता.

"माझ्या नातवंडांना दिसत नसेल तर?" वकील म्हणाली. "त्यांच्यासाठी काय राखताय? दोर?"

"असं नाही गं बाळ..."

"त्या पोशाखाचं उजेडानं नुकसान होतं, तरी तुम्ही दिवा लावता. ताईंनीच सांगितलं. डोळेवाल्यांनी बघावं म्हणून तुम्ही नुकसान सोसता, तेव्हा त्याला नियम म्हणता. आमच्या हातानं तेवढंच होणार असेल, तर ते मात्र चालत नाही. डोळ्यांनी झिजवलेलं चालतं, हातांनी झिजवलेलं का नाही?"

दालनात इतर लोकही होते. त्यांनी इकडे माना वळवल्या. ताईही मागोमाग आल्या होत्या.

संचालक म्हणाले, "मुद्दा विचार करण्यासारखा आहे. मी समितीपुढे ठेवतो. तुम्ही अर्ज द्या." मग आवाज खाली आणून म्हणाले, "नाहीतर एक करू. तू एकटी ये. तू लावून बघ, आणि बाकीच्यांना नीट समजावून सांग. तुला छान बोलता येतं."

यान चार पावलांवर होतं. हो म्हटलं की झालं. तिची बोटं आपोआप वळवळायला लागली, आणि शेजारी भोंग्यानं श्वास रोखून धरलेला तिला ऐकू आला. तो, ज्याला कधी गप्प बसता येत नाही.

म्हणजे उद्यापासून ती सांगणार आणि हे ऐकणार. हा बघा वाघ.

"नको," ती म्हणाली. आवाज कापला, त्याचा तिला भयंकर राग आला. "सगळे, नाहीतर कुणीच नाही." आणि ती तिथेच, दोराखाली, फरशीवर बसली. भोंगा धपकन शेजारी बसला. मग एकेक करून सगळा वर्ग बसला.

"बाई, उठवा त्यांना," संचालक म्हणाले. "आम्ही तुम्हाला आपलेपणानं बोलावलं."

बाईंची अवस्था बिकट होती. परवानगी त्यांनी मागितली होती, शाळेचं नाव त्यांच्या शिरावर होतं. त्यांनी "चला रे" म्हणायला तोंड उघडलं. खाली बसलेल्या मुलांच्या माना त्यांनी पाहिल्या, एकही मान झुकलेली नव्हती. बाईंनी तोंड मिटलं, साडी सावरली आणि मुलांमध्ये मांडी घालून बसल्या.

गर्दी जमायला लागली. कुणीतरी लहान पोर आईला विचारत होतं, "ही मुलं का बसलीत?" आई सांगत होती, "त्यांना यानाला हात लावायचाय." "मग लावू देत का नाहीत?"

शेवटी ताई बोलल्या. "सर, तळाची साल भुसभुशीत आहे, तिथे मी कुणालाच हात लावू देणार नाही. पण दाराच्या बाजूची घट्ट आहे. हात साबणानं धुवायचे, कोरडे करायचे, एकेकानं यायचं, मी बाजूला उभी राहणार. काही झालं तर जबाबदारी माझी. खरं तर हा विचार मीच करायला हवा होता."

संचालकांनी यानाकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. मग म्हणाले, "निदान हातमोजे तरी."

"तुम्ही डोळ्यांवर पट्टी बांधून यान बघाल का?" वकील म्हणाली.

गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं, आणि दोराचा आकडा खट्कन निघाल्याचा आवाज आला.

हात धुवायला रांग लागली. ताईंनी प्रत्येकाची बोटं स्वतः पुसली, नखं तपासली. वकील मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहिली, कारण आपण आधी गेलो आणि मधेच यांचा विचार फिरला तर मागचे राहतील, असा तिचा हिशेब होता. पुढून एकेक आवाज येत होता. कुणी नुसतं "अरे बापरे" म्हणालं. भोंगा गेला आणि काहीच बोलला नाही. परत येताना त्यानं फक्त तिचा दंड दाबला.

तिची पाळी आली. ताईंनी तिचं मनगट धरून हात नेमक्या जागी टेकवला.

खरखरीत. लाकडाचा कोळसा नाही, रंगाचे पापुद्रे नाहीत, बाबांच्या दुकानातलं काहीच नाही. आधी जाळी असावी आणि ती उकळून, फुटून तशीच थिजावी, असं काहीतरी. काही ठिकाणी काचेसारखं घट्ट, काही ठिकाणी खोल खड्डे, आणि सगळे ओरखडे एकाच दिशेनं ओढलेले. वारा कुठून आला होता ते तिच्या बोटांना कळलं. कुणी सांगावं लागलं नाही. तिचे डोळे भरून आले. ते तिनं पुसले नाहीत, कारण हात धुतलेले होते.

"इथे दार आहे," ताई म्हणाल्या. "उघडंच आहे. आत हात घाल."

तिनं डावा हात बाहेर तसाच ठेवला आणि उजवा दाराच्या कडेवरून आत सरकवला. आत सपाट, गार पत्रा होता, एक पट्टा होता, आणि पट्ट्यालगत खुर्चीची कड. इथे माणसाचा खांदा येत असणार. तिनं दोन्ही हात समोरासमोर आणले. एका हाताखाली ती आग, दुसऱ्या हाताखाली तो खांदा, आणि दोन्हींच्या मध्ये जेमतेम एक वीत.

"एवढंच?" ती पुटपुटली. "बाई, एवढंच होतं मध्ये. आणि तरी ते गेले."



मागून बुटांची करकर आली आणि तिच्याजवळ थांबली. संचालकांचे केस या संग्रहालयातच पिकले होते. यानाची जाडी, वजन, तापमान, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. नियम त्यांनीच केला होता आणि तो स्वतः कधी मोडला नव्हता.

"कसं लागतं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. या वेळी त्यांनी बाळ म्हटलं नाही.

वकिलीणीनं हात काढले नाहीत, नुसती मान त्यांच्याकडे वळवली.

"मी सांगून नाही कळायचं, सर," ती म्हणाली. "हात धुऊन या."